पालीचं शेपूट

गुडघे टेकून समुद्रावर जाता येतं, हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं.

जून महिना होता. मुंबईत एव्हाना पागोळ्या लागल्या असतील, अंधेरीच्या आमच्या गॅलरीतली माझ्या आईची, माईची पातळं दिवसातून तीनदा आत-बाहेर होत असतील, असं मनात येत होतं; आणि मी पृथ्वीच्या पार पलीकडच्या अंगाला, हवाईतल्या ओआहू बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, कुआलोआच्या वाळूत उभी होते. पहाट अजून पुरती उघडली नव्हती. पायाखाली रात्रीची गार, किंचित चिकट वाळू, डोक्यावर माडांच्या झावळ्यांची ती ओळखीचीच सळसळ, पाठीशी कोओलाऊ डोंगराची उभीच्या उभी भिंत, हिरव्या नऊवारीच्या निऱ्या कराव्यात तशी वरपासून खालपर्यंत चुणलेली; आणि समोर, जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर, पाण्यातून वर आलेला एक काळा त्रिकोण. त्याच्यामागे आभाळ हळूहळू दुधाळ होत होतं, तसा तो आणखीच काळा होत होता. त्याला अजून झुडपं फुटली नव्हती, घळी पडल्या नव्हत्या. नुसती कड होती, कात्रीने कापल्यासारखी.

मोकोलीई.

लेकीने वाळूवर दोन पॅडलबोर्ड आणून टाकले होते. एक तिचा स्वतःचा, उन्हाने विटलेला. दुसरा मैत्रिणीकडून माझ्यासाठी मागून आणलेला, पिवळा, जुन्या वाड्याचं दार बिजागऱ्यांतून काढून आडवं घालावं एवढा लांब. नोकरीसाठी ती होनोलुलूला आली त्याला चार वर्षं झाली. या चार वर्षांत तिने फोनवरून मला हे बेट किती वेळा दाखवलं असेल! पण फोनमध्ये ते नेहमी अंगठ्याएवढं असायचं, आणि त्याच्यापुढे तिचा हसरा चेहरा असायचा. मी बेटाकडे कधी पाहिलंच नव्हतं.

"यावर उभं राहून वल्हवतात ना?" मी विचारलं.

"तू गुडघ्यांवरच ये. उभं राहायचं नंतर बघू."

"नंतर म्हणजे कधी?"

"नंतर म्हणजे जमलं तर, आई."

मनात शंकेची पाल चुकचुकली. हे आपण बोलताना किती सहज बोलून जातो. पण त्या वेळी समोर खरोखरच पाल होती. मोकोलीई या नावाचा अर्थच छोटी पाल. हवाईच्या गोष्टींमध्ये ‘मोओ’ नावाचे अजस्र सरपटणारे जीव असतात, पाण्याची राखण करणारे, कधी वत्सल तर कधी घातकी. ज्वालामुखीची देवी पेले हिची धाकटी बहीण हि-इआका या वाटेने चालली असता असाच एक मोओ तिला आडवा आला. तिने त्याला मारलं, आणि त्याच्या शेपटाचा तुकडा समुद्रात भिरकावून दिला. तेच हे बेट. (इंग्रजीत त्याला चिन्यांच्या शंकूसारख्या टोपीवरून पडलेलं एक नाव आहे आणि नकाशांवर अजून ते दिसतं. उसाच्या मळ्यांत राबायला आणलेल्या माणसांची ती टोपी. थट्टेतून आलेली नावं दगडाला चिकटली की पुसायला पिढ्या लागतात. मी ते नाव घेत नाही.)

पालीचं शेपूट तुटतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. लहानपणी स्वयंपाकघराच्या भिंतीवर आम्ही ते पाहिलेलं असतं: पाल केव्हाच फळीमागे पसार झालेली, आणि जमिनीवर तो बोटभर तुकडा आपल्या आपण वळवळत असलेला. पाहवत नसे, आणि नजर काढवत नसे. जीव तिकडे गेला तरी इकडे थोडा उरलाच कसा, हा प्रश्न तेव्हा शब्दांत सापडला नव्हता. समोरचा काळा त्रिकोण आता कडेने तांबूस होऊ लागला होता, भोवतालचं पाणी हलत होतं, आणि पाणी हलतंय की ते शेपूट, हे काही नीट सांगता येईना.

मी लाइफ जॅकेटचे बंद आवळले, घोट्याला बोर्डाची दोरी बांधली, आणि दारावर गुडघे टेकले.

गुडघ्यांवर बसलं की समुद्र अगदी जवळ येतो. उभ्या माणसाला तो खाली दिसतो. पाय पसरून कायाकमध्ये बसलेल्याला तो दोन्ही बाजूंना दिसतो. गुडघ्यांवरच्याला मात्र तो थेट मांडीपुढे, परातीत कणीक असावी तसा दिसतो. वल्हं पाण्यात घातलं की दोन लहान भोवरे मागे फिरत जायचे आणि विरायचे. उथळ पाणी होतं, कंबरेएवढंच असेल. तळाची वाळू स्वच्छ दिसत होती, तिच्यावर उजेडाची जाळी हलत होती, आणि मधूनमधून पोवळ्यांचे गाठाळ, तपकिरी गड्डे, एखादा पिवळाधमक मासा, एखादी काळी, काटेरी, सुपारीएवढी गोष्ट, जिच्याकडे बोट दाखवून लेक फक्त एवढंच म्हणाली, "तिथे पाय नको." ओहोटीला हे अंतर पाण्यातून चालत जाणारेही असतात; पोवळ्यांनी त्यांच्या पावलांच्या चिंध्या होतात, आणि परतताना भरतीच्या ओढीत सापडून जिवावर बेतलेलेही आहेत. काने-ओहेच्या या आखातात हातोडीसारख्या डोक्याचे शार्क पिल्लं घालायला येतात, ही माहिती मात्र लेकीने परत किनाऱ्याला लागल्यावर, कॉफीबरोबर दिली.

ती माझ्यापुढे उभी होती. उभी राहून वल्हवत होती, पोटरीचे स्नायू किंचित हलत होते, बाकी सगळी स्थिर. जणू पाण्यावर उभं राहण्यात काही विशेष नाहीच. मी तिच्या घोट्यांकडे पाहत मागून चालले होते. हे घोटे मी धरले होते एकदा, जुहूच्या चौपाटीवर, पहिली लाट पायाला लागल्यावर ती किंचाळली तेव्हा.

आता ती मागे वळून पाहत होती. मी आहे ना म्हणून.

कुआलोआ ही जुन्या हवाईयन लोकांची पवित्र भूमी. सरदारांची मुलं शिकण्यासाठी, घडवण्यासाठी इथे ठेवत. या किनाऱ्यासमोरून जाणाऱ्या नौका डोलकाठी उतरवून जात, असं सांगतात. हे लेकीनेच कधीतरी सांगितलं होतं आणि मी ऐकून सोडून दिलं होतं. भर पाण्यात ते अचानक वर आलं. भर वाऱ्यात चाललेली नौका, शिडाचा फुगारा, आणि कुणीतरी दोर सैल सोडतं, काठी आडवी होते, आणि एवढा वेळ आभाळाला भिडू पाहणारी ती वस्तू आपली उंची स्वतःच काढून बाजूला ठेवते, पाण्याच्या पातळीला येते, आणि हळूहळू, वल्ह्यांच्या जोरावर, त्या भूमीपुढून सरकत जाते. मी माझ्याकडे पाहिलं. घाबरून गुडघ्यांवर बसलेली, नारिंगी जॅकेटमधली एक बाई. माझी काठी मी काही भक्तीने उतरवली नव्हती. पण उतरली होती खरी.

आणि मग, ध्यानीमनी नसताना, माईचा हात आठवला.

अंधेरीला आमच्या घरामागे गिल्बर्ट हिल आहे. काळ्या दगडाचा एकच एक उभा सुळका. साठ-एकसष्ट मीटर, म्हणजे दोनशे फूट. जवळ जाऊन पाहिलं तर तो एकसंध नाही; वहीत मारलेल्या रेघांसारखे उभे, कोनाकोनाचे खांब एकमेकांना खेटून उभे आहेत. लाव्हा थंड होताना आकसतो, तडकतो, आणि ते तडे बहुतेक षटकोनी पडतात, मधमाश्यांनी आखून दिल्यासारखे. माथ्यावर गावदेवीचं देऊळ आणि तिथवर दगडात खोदलेल्या उभ्या पायऱ्या. दर नवरात्रात माई चढायची. मला आठवतं ते तिच्या कडेवरून आठवतं: तिच्या खांद्याला टेकलेली माझी हनुवटी, तिच्या वेणीतल्या शेवंतीचा वास, आणि चढायला सुरुवात करण्याआधीचं तिचं ते वाकणं. एका हाताने मला सावरत ती खाली झुकायची, मी तिच्याबरोबर जमिनीकडे कलंडायचे, काळी पायरी एकदम माझ्या नाकाशी यायची, आणि माई पायरीला बोटं लावून ती कपाळाला लावायची. मग पाय ठेवायची. आधी हात, मग पाय. दगडाला न विचारता त्याच्यावर चढायचं नाही, असा काहीतरी तो हिशेब होता.

मोकोलीईची उंची दोनशे सहा फूट. म्हणजे माझ्या दोन दगडांमध्ये फरक फक्त एका माणसाचा. तोही उभ्या.

एक पाण्याने वेढलेला, दुसरा इमारतींनी. गिल्बर्ट हिलच्या अंगाला पूर्वी खाणी लागल्या, कडेकडेने तो खाल्ला गेला, मग घरं आली, मग टॉवर आले. २००७ साली त्याला वारशाचा दर्जा मिळाला तोवर भोवती भरतीचं पाणी चढून गेलं होतं. आमच्या गॅलरीतून आता दोन इमारतींच्या फटीत त्याची पंचाभर पट्टी दिसते. तरी तो साडेसहा कोटी वर्षांचा आहे. दख्खनचा सगळा काळा कातळ ओतला गेला त्याच सुमाराचा. हे दगडी थर जगभर ट्रॅप या नावाने ओळखले जातात, आणि ट्रॅप या शब्दाचं मूळ स्वीडिश भाषेत आहे. तिथे त्याचा अर्थ जिना. सह्याद्रीकडे लांबून पाहिलं की ते नाव पटतं. एकावर एक, एकावर एक, पायऱ्याच पायऱ्या. आणि त्या पायऱ्यांचे पोत वर्णन करताना आपले भूशास्त्रज्ञ जे शब्द वापरतात ते चक्क हवाईचे: सायीसारखा घड्या पडत गोठलेला तो पाहोएहोए, खडबडीत, पाय फाडणारा तो आ-आ. म्हणजे माई ज्या पायरीला हात लावायची तिच्या भावंडांची शास्त्रातली नावं या पाण्याकाठच्या लोकांनी ठेवली होती, नि आम्हा दोघींना त्याचा पत्ता नव्हता. दगडाला पत्ते ठाऊक नसतातच म्हणा.

ओआहूचा हा डोंगर त्यामानाने पोर आहे, वीस-पंचवीस लाख वर्षांचं. मी पाण्यावर बसल्या बसल्या त्रैराशिक मांडलं. बँकेत पस्तीस वर्षं काढल्यावर ही खोड जात नाही. गिल्बर्ट हिल म्हणजे माई धरली, त्र्याऐंशी वर्षांची, तर मोकोलीई किती वर्षांचं?

तीन.

तीन वर्षांचं मूल समुद्रात एकटं उभं होतं. त्याच्यामागून आता सूर्य आला, एकदम, गुळगुळीत, अंड्याच्या बलकासारखा, बेटाच्या डाव्या उतारावर क्षणभर टेकला, आणि पाण्यावरून एक तापलेली वाट सरळ माझ्या बोर्डाच्या टोकापर्यंत आली. मी वल्हं आडवं ठेवलं. काही करावंसं वाटेना. लेकही थांबली होती. दोन्ही बोर्ड अगदी सावकाश फिरत होते, घड्याळाच्या काट्यांना कुणी सुट्टी द्यावी तसे, आणि पाण्याचा बोर्डाखालचा आवाज येत होता, मांजर पाणी पितं तसा.

पुढे खुली लाट लागली. बेटाच्या पलीकडून, महासागरातून वळसा घालून येणारी, फार मोठी नाही, पण तिला अंगाखाली घेतलं की पोटात काहीतरी वर उचललं जातं. लेकीने सांगितलं, "वाकून धर, हातांवर ये." मी ओणवी झाले. आता मी पूर्णच चतुष्पाद होते, पालीसारखी. बोर्ड पोटाशी धरून जाणाऱ्या माणसाची एक गोष्ट या बेटांवर सगळ्यांना ठाऊक आहे. याच किनाऱ्यावरून ८ मार्च १९७५ रोजी ‘होकुले-आ’ पाण्यात उतरली, जुन्या पॉलिनेशियन पद्धतीची, दोन होड्या जोडून केलेली शिडाची नौका. आणि दुसऱ्याच वर्षी ती कुठल्याही यंत्राशिवाय, सातावाल बेटाच्या माऊ पियाइलुग यांच्या तारे आणि लाटा वाचणाऱ्या डोळ्यांच्या भरवशावर, चारेक हजार किलोमीटर जाऊन ताहितीला पोचली. १९७८च्या मार्चमध्ये तीच नौका दुसऱ्या सफरीला निघाली आणि पहिल्याच रात्री उधाणात उलटली. एडी आइकाऊ तिच्यावर होता, नावाजलेला जीवरक्षक. मदत आणतो म्हणून तो आपल्या सर्फबोर्डावर ओणवा झाला आणि अंधुक दिसणाऱ्या लानाई बेटाच्या दिशेने वल्हवत गेला. बाकीच्यांना वाचवण्यात आलं. तो सापडला नाही.

तेवढ्याच फळीवर मी होते, कंबरभर पाण्यात, हाताशी लेक असताना. आणि तरी, एक लाट खालून गेली तेव्हा, फळी आणि महासागर यांच्यामधलं ते बोटभर अंतर मला कळलं. कळलं म्हणजे तळव्यांना कळलं.

बेटाच्या अंगाला एका खाचेत लहानशी पुळण आहे, दोन खाटा मावतील एवढी. तिथे बोर्ड लावले. काळा दगड इथे अगदी पाण्यातून उठतो. लाटेने घासला आहे तिथे जात्याच्या तळीसारखा गुळगुळीत, वर खडबडीत, बारीक छिद्रांचा, आणि प्रत्येक छिद्र म्हणजे लाव्हातून निसटून गेलेल्या वाफेचा बुडबुडा. पेलेने फुंकर घातली आणि ती फुंकर तशीच्या तशी दगडात राहून गेली. माझ्या माहेरच्या पाट्याला टाकी लावायला पाथरवटीण यायची. टाकीचे घाव मोकळे झाले की दगडाचा एक कोरडा, जळकट वास यायचा. मी वाकून वास घेतला. इथे फक्त मिठाचा वास होता आणि कुठल्यातरी पक्ष्याचा, कोंदट, माशासारखा.

मग हात लावला. कपाळाला लावला. लेक बघत होती, ती काही बोलली नाही.

मागच्या कोओलाऊच्या भिंतीकडे तिने बोट दाखवलं. ती भिंत म्हणजे अर्ध्याच डोंगराची आतली बाजू. एके काळी हा ज्वालामुखी पालथ्या परातीसारखा इथून पुढे पसरला होता. दहा लाखांहून अधिक वर्षांपूर्वी त्याची पूर्वेकडची बाजू तुटून समुद्रात घसरली. तळाशी अजून तिचे तुकडे पडलेत, त्यातला एक तीस किलोमीटर लांब आहे. उरल्या कड्याला मग पाऊस, ओढे नि लाटा झिजवत राहिले, आणि त्या झिजेतून सुटून राहिलेलं एक नख म्हणजे ही पाल. शेपूट तुटल्याची गोष्ट रचणाऱ्यांनी समुद्राचा तळ पाहिला नव्हता. पण तुटलंय, हे त्यांना दिसलं होतं. शिवाय ही सगळी बेटं जागची हलताहेत; वायव्येकडे, वर्षाला चार बोटं. मी आले त्या महिन्याभरात तांदळाच्या दाण्याएवढी सरकली असतील.

माथ्यावर जायला वाट आहे, पण शेवटी हातापायांनी चढावं लागतं. लेक म्हणाली, "मी पटकन जाऊन येते, तू इथेच थांब, वाट सोडून आत जाऊ नकोस, पक्ष्यांची बिळं आहेत, पाय पडला तर ढासळतात." आणि ती गेली. थोडा वेळ तिच्या पायाखालचे खडे गळताना ऐकू आले, मग तेही थांबले.

मी वाटेकडेला बसले. माझ्या गुडघ्यांवर बोर्डाच्या रबराची नक्षी उमटली होती, बारीक बारीक शंकरपाळी. डाव्या हाताला, हातभर अंतरावर, गवताच्या झुपक्याखाली एक बीळ होतं, नारळ जाईल एवढ्या तोंडाचं. तोंडाशी माती उकरलेली, ताजी, चहाच्या चोथ्याच्या रंगाची; तिच्यात एक राखाडी पीस अर्धवट रुतलेलं, वाऱ्याने त्याचं टोक थरथरत होतं, आणि शेजारी पांढरी, वाळलेली विष्ठा, चुन्याचा ठिपका पडावा तशी. आत काळोख. मी वाकले नाही, नुसती पाहत राहिले. आणि आतून आवाज आला.

रडणं होतं ते. सरळ सरळ तान्ह्या बाळाचं रडणं, पण घशात अडकलेलं, आधी उसासा ओढून घेतल्यासारखं आणि मग लांबवत नेलेलं ऊं... ऊं..., खाली खाली जाणारं, विझता विझता परत पेटणारं. अंगावर काटा आला. भर उजेडात, भर समुद्रात, मातीच्या आत कुणीतरी रडत होतं, आणि माझे हात, अठ्ठावन्न वर्षांचे, बँकेच्या नोटा मोजून झिजलेले माझे हात आपसूक पुढे झाले होते. मी ते मागे घेतले. मांडीवर ठेवले.

उआ-उ कानी त्याचं नाव. दर्यावरचा, पाचरीसारख्या शेपटीचा पक्षी. मार्चमध्ये येतो, जूनमध्ये एकच अंडं घालतो, आणि नवरा-बायको पाळीपाळीने उबवतात. एक जण बिळात, दुसरा मैलोन्‌मैल समुद्रावर. उंदरांनी या बेटावर त्यांचं पिल्लू क्वचितच जगू दिलं होतं. २००२ साली उंदीर काढून टाकले आणि त्याच वर्षी शंभरावर पिल्लं उडाली. उडतात ती नोव्हेंबरात, रात्री, आईबापांशिवाय. चंद्राच्या उजेडाकडे जायचं त्यांना उपजत ठाऊक असतं, आणि तिथेच फसतात. शहरातले दिवे चंद्र वाटतात, भोवती फिरून फिरून थकतात, रस्त्यावर पडतात. लेकीला गेल्या वर्षी एक सापडलं होतं, ऑफिसच्या पार्किंगमध्ये. तिने ते टॉवेलमध्ये गुंडाळून खोक्यात घातलं आणि पक्षी सांभाळणाऱ्यांकडे नेऊन दिलं. फोनवर सांगताना म्हणाली होती, "आई, वजनच नव्हतं गं त्याला."

तेव्हा मी विचारलं होतं, जेवलीस का?

उतरून आली ती घामाघूम, गालावर मातीचा फराटा. वरून काय दिसलं हे ती सांगत होती, सगळं आखात, प्रवाळाच्या हिरव्या ओळी, कुआलोआची जुनी मत्स्यतळी. मी ओठांवर बोट ठेवलं. दोघी बिळापाशी बसून राहिलो. तो आवाज परत आला. तिने हळूच फोन काढला, मातीवर ठेवला, आवाज टिपला. मग कानात कुजबुजल्यासारखी म्हणाली, की मोओ म्हणजे नुसती पाल नाही. एकामागून एक येणारं काहीही, ओळ, मालिका, वंश, तेही मोओच. इथे नातवंडाला मोओपुना म्हणतात.

पालीच्या पाठीच्या मणक्यांसारखी, मला वाटलं. एकेक.

परतताना व्यापारी वारा उठला होता, भूगोलाच्या पुस्तकात होता तोच, ईशान्येचा. पाठीवर हात ठेवल्यासारखा तो किनाऱ्याकडे ढकलत होता. अर्ध्या वाटेत एक कासव बोर्डाशेजारी वर आलं, म्हाताऱ्या माणसासारखा सुस्कारा टाकून श्वास घेतला, माझ्याकडे एका डोळ्याने पाहिलं आणि खाली गेलं. किनारा वीस हातांवर आला तेव्हा मी उभी राहिले. का, ते सांगता येत नाही. एक पाय पुढे घेतला, मग दुसरा, गुडघे कुरकुरले, बोर्ड थरथरला, आणि तीन-चार श्वास, जास्त नाही, मी पाण्यावर उभी होते. बेट पाठीमागे होतं. मग पडले. खारं, कोमट, नाकात गेलेलं पाणी, आणि वर येईपर्यंत लेकीचं हसणं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात घरी आले. पावसाने थोडी उघडीप दिली होती. दोन इमारतींच्या फटीत गिल्बर्ट हिलची ती काळी पट्टी धुऊन लखलखत होती, आणि वरून गावदेवीच्या आरतीची घंटा येत होती, वाऱ्याबरोबर कमी-जास्त. माईच्या पायऱ्या सुटून आता बारा वर्षं झाली. ती गॅलरीत खुर्चीवर बसून घंटेच्या दिशेने हात जोडते, तेवढं जोडून झालं की मांडीवरच्या वाटीतल्या तांदळाकडे वळते.

"काय काय बघितलंस?" तिने विचारलं.

समुद्रातला डोंगर, म्हटलं. आपल्या डोंगराएवढाच.

"वर देवी आहे?"

"पक्षी आहेत."

"बरं," ती म्हणाली, आणि तांदूळ निवडू लागली. मोतीबिंदूमुळे तिला फोनमधली चित्रं दिसत नाहीत, म्हणून मी फोटो दाखवलेच नाहीत. लेकीने पाठवलेला तो आवाज काढला आणि फोन तिच्या कानाशी धरला. आधी नुसता वारा वाजला. मग ते आलं, मातीच्या आतून, ओढून घेतलेला उसासा आणि लांबत गेलेलं ऊं... ऊं...

माईची बोटं वाटीत थांबली. मान थोडी वळली, आतल्या खोलीकडे, जिथे आता कुणी नसतं.

"अगं," ती म्हणाली, "उचला गं त्याला कुणीतरी."